विश्वासानेच तारण होतं तर मग 'तारणाची तारीख' कशाला विचारतात?

शेवगावकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो. इथे आपले ख्रिस्ती लोक बरेच आहेत म्हणून विचारतोय, बाकीच्यांनी पण बोला, फक्त धर्मांतरावरून राडा नको प्लीज, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

माझं घर नगर जिल्ह्यातलं, पिढीजात सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाले प्रोटेस्टंट. आजी आमची एकदम कडक. रविवारी घरात सुईदोरा हातात घेऊ देत नाही, शर्टाचं बटण तुटलं तर सोमवारपर्यंत तसंच. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मटण नाही. गुड फ्रायडेला तीन तासांची उपासना उपाशीपोटी, सातही शब्दांवरचे उपदेश संपल्याशिवाय पाणी पण नाही. आणि कांद्याची पट्टी हातात आली की आधी दहावा हिस्सा मोजून पाकिटात, मग घरखर्च, भाव पडलेला असो की चढलेला. हे सगळं बघत मोठा झालो. लहानपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, प्रभुभोजन, सगळं जसं आपल्यात होतं तसं झालं.

आता नोकरीला पुण्यात आहे. ऑफिसमधल्या एकाने त्यांच्या फेलोशिपला नेलं. लोक चांगली आहेत हे आधी सांगतो, मी आजारी पडलो तेव्हा डबा घेऊन आली होती. पण तिथे दर आठवड्याला साक्ष असते आणि प्रत्येक जण उभा राहून सांगतो, मी अमुक साली अमुक तारखेला प्रभूला स्वीकारलं, त्या दिवशी माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालं. मग मला विचारलं, ब्रदर तुमची तारीख काय. माझ्याकडे तारीखच नाहीये! मी म्हटलं मला आठवतंय तेव्हापासून मी प्रार्थना करतोय. तर म्हणाले ते घरचं वळण, तो विश्वास नव्हे, लहानपणच्या बाप्तिस्म्याला अर्थ नाही, आणि तुमची आजी करते ते सगळं कर्मकांड आहे, नियमशास्त्राचं ओझं, तारण फक्त विश्वासाने. आजीबद्दल बोलले ते मला लागलं, खोटं कशाला बोलू.

दुसरीकडे माझा चुलतभाऊ. त्याने पाच-सहा वर्षांपूर्वी एका कन्व्हेन्शनला प्रभूला स्वीकारलं म्हणून हात वर केला, तेव्हापासून तो म्हणतो माझं काम झालं. चर्च बंद, बायबल बंद, गावातल्या दोन-तीन जणांचे पैसे बुडवून बसलाय आणि वर म्हणतो तारण कर्मांनी नाहीच ना, प्रेषित पौलानेच बायबलमधल्या पत्रांत लिहिलंय.

तर प्रश्न असा की केवळ विश्वासाने तारण याचा नेमका अर्थ काय धरायचा? आजीचं सगळं फुकट आहे का? आणि चुलतभाऊ बरोबर आहे का? कारण फेलोशिपवाल्यांचं वाक्य आणि त्याचं वाक्य एकच आहे, हे मला जाम खटकतंय.

बावखल:

मी वसईची, कॅथलिक, म्हणजे या प्रश्नात तशी बाहेरची. तरी बोलते, कारण 'तुम्ही कॅथलिक लोक कर्मांनी तारण कमावता' हे मी कॉलेजपासून ऐकत आलेय आणि दरवेळी तेच उत्तर देऊन दमलेय.

आमच्यातही कुणी तारण कमावत नाही दादा. प्रोटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या लूथरला उत्तर म्हणून जी आमची ट्रेंटची धर्मसभा भरली होती तिने जानेवारी 1547 मध्ये याच विषयावर निर्णय दिला, आणि त्यातला पहिलाच मुद्दा असा आहे की देवाच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो असं जो म्हणेल तो आमच्यातला नाही. हे लोक वाचत नाहीत, थेट नवव्या मुद्द्यावर उडी मारतात, जिथे 'केवळ विश्वास' याला नकार आहे. तो नकार पण कशाला आहे बघा, की विश्वास ठेवला आता माणसाने कशालाच होकार भरायची, काही करायची गरज नाही, अशा अर्थाला. म्हणजे थोडक्यात तुमच्या चुलतभावाला 😄

आणि 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला व्हॅटिकन आणि जगभरच्या लूथरन मंडळ्यांच्या संघाने एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात दोघांनी मिळून म्हटलंय की देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासाने, आपल्या कुठल्या लायकीमुळे नाही, आणि तोच आत्मा मग आपलं मन बदलून सत्कर्मांकडे नेतो. 2006 मध्ये मेथडिस्ट त्यात आले, 2017 मध्ये रिफॉर्म्डवाले. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण ज्या वाक्यावरून चारशे-पाचशे वर्षं एकमेकांना शिव्या घातल्या ते वाक्य एकत्र लिहिता आलं. आमच्या गावात किंवा तुमच्या फेलोशिपला हे कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

आता याकोब. बायबलमधल्या त्याच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून चुलतभावाला वाचायला द्या. देव एकच आहे असं तू मानतोस, छान, भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं तो सरळ लिहितो. आणि मजा अशी की पौल आणि याकोब दोघांनी उदाहरण एकाच माणसाचं घेतलंय, अब्राहामाचं. पौल रोमकरांच्या पत्रात उत्पत्तीचा पंधरावा अध्याय काढतो, अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला तेवढ्यावर तो नीतिमान गणला गेला, आणि सुंता होते सतराव्या अध्यायात, म्हणजे विधी नंतरचा, स्वीकार आधीचा. याकोब बाविसावा अध्याय काढतो, इसहाकाला वेदीवर ठेवल्याचा, आणि म्हणतो बघा इथे तो विश्वास पूर्ण झाला. माणूस एक, मध्ये कितीतरी वर्षं गेलेली. मला तरी यात भांडण दिसत नाही. एक जण सुरुवात कुठून झाली ते सांगतोय, दुसरा ते खरं होतं हे कधी कळलं ते सांगतोय.

आजीला माझा नमस्कार सांगा. लेंटमध्ये मटण न शिजवणारी प्रोटेस्टंट आजी म्हणजे आमच्याच नात्यातली.

तिखट_मिसळ:

बाहेरचा माणूस, नास्तिक, राडा करत नाहीये. पण एक विचारू? हा सिद्धांतच मला अनैतिक वाटतो. आयुष्यभर लोकांना लुबाडलं आणि शेवटच्या पाच मिनिटांत विश्वास ठेवला तर आत, आणि आयुष्यभर सरळ वागणारा माझ्यासारखा बाहेर? तो येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेला चोर, त्याला 'आजच तू माझ्याबरोबर' म्हणाले ना. ज्यांचं त्याने चोरलं त्यांचं काय मग? चुलतभाऊ मला तरी अगदी तर्कशुद्ध वाटतोय, तुमच्या नियमांत बसूनच खेळतोय तो.

पेटी_मास्तर:

शेवगावकर, मी नगरचाच. शाळेतून रिटायर झालोय, मंडळीत पेटी वाजवतो आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले की उपदेशाला उभा राहतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी हे बघा की हे वाक्य पौलाने लिहिलं कुठे. लोकांना वाटतं तो बसून तत्त्वज्ञान लिहीत होता. तसं नाही, गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा, तिथे भांडण जेवणावरून आहे. अंत्युखियाच्या मंडळीत यहुदी आणि यहुदी नसलेले एकत्र जेवत होते, येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसत होता. मग यरुशलेमेकडून, याकोबाकडून काही माणसं आली, सुंता पाळणारी, आणि त्यांना घाबरून पेत्र हळूहळू पंगतीतून उठला, त्याचं बघून बाकीचे यहुदी उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला तोंडावर सुनावलं. आणि त्या सुनावण्याच्या ओघात हे वाक्य येतं, की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही तर ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो. महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. पंगत कुणाची, कोण कुणाशेजारी बसणार, कुणी उठून जायचं, हे आपल्या पूर्वजांनी अंगावर काढलंय. 'केवळ विश्वासाने' याचा पहिला अर्थ हा की या पंगतीत बसायला आणखी एकही अट नाही. सुंता नाही, खाण्यापिण्याचे नियम नाहीत, कूळ नाही.

आता तुमच्या फेलोशिपवाल्यांकडे या. त्यांनी आजीच्या अटी काढून टाकल्या, आणि त्या जागी स्वतःची एक घातली, तारीख सांगा. तारीख नसेल तर तुम्ही अजून पंगतीत नाही. मला सांगा, याच्यात आणि त्या यरुशलेमेकडून आलेल्या माणसांच्यात फरक काय? विश्वास हा जेव्हा मी करून दाखवायची गोष्ट होतो, अमुक वेळी, अमुक भावनेने, अमुक शब्दांत, तेव्हा तो पण कर्मच झाला की. मग माणूस ख्रिस्ताकडे बघायचं सोडून स्वतःच्या विश्वासाकडे बघत बसतो, पुरेसा आहे का, खरा होता का, रडू आलं होतं का.

तारीख असलेले लोक नसतात असं मी म्हणत नाही. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आहे, 24 मे 1738, लंडनची ऑल्डर्सगेट स्ट्रीट, संध्याकाळी पावणेनऊच्या सुमाराला कुणीतरी लूथरची रोमकरांच्या पत्रावरची प्रस्तावना वाचत होतं आणि त्याच्या मनात ऊब भरली, त्यानेच रोजनिशीत लिहून ठेवलंय. पण तो त्याच्याआधी वर्षानुवर्षं उपवास करणारा, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटणारा माणूस होता, ऑक्सफर्डला त्याच्या टोळीची लोक टिंगल करायचे एवढं त्याचं वेळापत्रक काटेकोर होतं. त्या संध्याकाळनंतर त्याने उपवास सोडले का? नाही, नंतरही केले. कशासाठी करतोय ते फक्त बदललं.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाई. त्यांच्याइतकं धर्माचरण आपल्यापैकी कुणी बघितलंही नसेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे, सगळं कुटुंब तीर्थाटन करत पुराणं सांगत हिंडणारं. 1874 च्या पुढच्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाईंनी पुढे लिहिलंय की होतं नव्हतं ते दानधर्मात आणि देवदर्शनात घालवलं, नद्यांची स्नानं केली, व्रतं केली, अन्न संपलं. पुढे इंग्लंडमध्ये 1883 साली वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आता कुणीही म्हणेल बाई ख्रिस्ती झाल्या, विषय संपला. पण 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्वतः सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं माझ्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. नेमधर्म सगळा होता, उपासना होती, चर्चच्या मताबद्दल त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून तासून वाद घालत होत्या, पण मन ठिकाणावर नव्हतं. 1891 च्या सुमारास त्यांना उमगलं की हे कमवायचं नाहीये, ते दिलेलं आहे.

म्हणजे बघा, हिंदू व्रतं सोडली म्हणजे माणूस कर्मकांडातून सुटला असं नाही, त्याच्या जागी ख्रिस्ती व्रतं येऊन बसू शकतात. हे त्या बाईने स्वतःबद्दल लिहिलं, कुणा आजीबद्दल नाही, हा फरक तुमच्या त्या ब्रदरना दाखवा.

आणि उमगल्यावर त्या हात जोडून बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, विणकाम, छापखाना, शेती, शाळा. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायला घेतलं, 5 एप्रिल 1922 ला गेल्या, तोवर त्याच कामात होत्या. फुकट मिळालं म्हणणारी बाई इतकं राबते, आणि फुकट मिळालं म्हणणारे तुमचे चुलतभाऊ लोकांचे पैसे देत नाहीत. वाक्य एकच असलं तरी दोघांनी ते एकच ऐकलंय असं मला वाटत नाही.

चुलतभावासारखे लोक लूथरलाही भेटले होते बरं का. 1528 च्या आसपास तो सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्या तपासत हिंडला आणि परत आला तो वैतागून. 1529 च्या छोट्या प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलंय की लोकांना प्रभूची प्रार्थना येत नाही, दहा आज्ञा येत नाहीत, आणि सुवार्ता आली तशी ही मंडळी स्वातंत्र्याचा गैरफायदा घ्यायला मात्र उत्तम शिकली. 'केवळ विश्वास' सांगणारा माणूसच हे लिहितोय! आणि उपाय काय केला, तर पाठांतराला बसवलं, बापाने घरात पोरांकडून सकाळ-संध्याकाळ प्रार्थना म्हणून घ्यावी असं लिहून दिलं. तुमच्या आजीचं घर वेगळं काय आहे?

तिखट_मिसळ, तुमचा प्रश्न वाचलाय, जेवून येऊन लिहितो.

रिंगण:

इंटरेस्टिंग धागा. आमचं घर वारकरी, त्यामुळे नमस्कार आणि थोडं आमच्याकडून.

हा वाद ख्रिस्ती लोकांचाच आहे असं समजू नका. तमिळनाडूत रामानुजाचार्यांच्या परंपरेत यावरून दोन तट पडले, वडकलै आणि तेन्कलै. वडकलैवाले म्हणतात मर्कटन्याय, माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून बसतं, म्हणजे कृपा देवाची पण धरायचं काम जिवाचं. तेन्कलैवाले म्हणतात मार्जारन्याय, मांजर पिल्लाला मानेला धरून उचलते, पिल्लाने काही करायचं नाही, उलट धडपड केली तर उचलायला अडचण. आता ज्यांना असं वाटतं की मांजरवाले लोक आळशी असतील त्यांनी जाऊन बघावं, पूजाअर्चा त्यांचीही तितकीच चोख चालते.

आमच्यातही तेच. नाम पुरे, बाकी साधनांची गरज नाही हे संतांनी शंभर प्रकारे सांगितलं, तरी आषाढीची वारी कुणी रद्द केलेली नाही. माझे आजोबा एकादशी मोडायचे नाहीत पण एकादशीने मोक्ष मिळतो का असं विचारलं की हसायचे आणि म्हणायचे पांडुरंगाचं एवढं काय अडलंय माझ्या साबुदाण्यावाचून.

एक शंका आहे मास्तर. तुम्ही म्हणता अट एकही नाही, पण 'ख्रिस्तावर विश्वास' हीच अट नाही का? आमच्यासारख्यांना पंगतीत जागा आहे की नाही मग? आणि कवी ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले म्हणतात, तर त्या पुलावर अर्ध्यात थांबलेल्यांचं काय?

शेवगावकर:

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. बावखल ताई, याकोबाचा दुसरा अध्याय चुलतभावाला फॉरवर्ड केला, त्याचा रिप्लाय आला 'तू आता आजीसारखा बोलायला लागलास' 😐

मास्तर, पंगतीचं डोक्यात एकदम बसलं. पण एक अडचण आहे, येत्या रविवारी साक्षीला माझं नाव लावलंय. तारीख नाही म्हणून सांगू का सरळ? आणि ते पाण्याच्या बाप्तिस्म्याबद्दल पण मागे लागलेत, म्हणतात परत घ्यावा लागेल, नाहीतर अधुरं आहे.

पेटी_मास्तर:

एकेकाला घेतो.

तिखट_मिसळ, चोराचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, त्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, हातपाय खिळलेले, ना बाप्तिस्मा, ना उपास, ना भरपाई. म्हणूनच तो आम्हाला इतका जवळचा, कारण त्याच्या बाबतीत कुणी म्हणूच शकत नाही की याने कमावलं. तरी त्याने दोन गोष्टी केल्या, शेजारच्याला गप्प केलं आणि आपल्याला झालेली शिक्षा वाजवी आहे हे कबूल केलं. पण ज्यांचं त्याने चोरलं त्यांचं काय, हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर दुसऱ्या एका माणसाकडे आहे, चोराची गोष्ट सांगणाऱ्या त्याच लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात. जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार, पैसेवाला, बुटका, गर्दीत दिसेना म्हणून उंबरावर चढला. येशूने वर बघितलं आणि म्हणाला खाली उतर, आज मी तुझ्या घरी उतरणार आहे. आधी हे. पैसे परत कर मग येतो असं म्हटलं नाही, आणि लोक त्यावरूनच कुरकुरत होते, तुमच्यासारखेच. आणि तो पाहुणा घरी आला तेव्हा जक्कय आपणहून उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. मग येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं. ज्याचे हात खिळलेले नाहीत त्याने चोराचं उदाहरण वापरू नये, त्याच्यासाठी जक्कय आहे. शेवगावकर, भावाला याकोब पाठवलात, आता हा पाठवा, ते दोन-तीन गावकरीही खूश होतील.

रिंगण, तुमची शंका सोपी नाही आणि मी उगाच सोपी करणार नाही. आमच्या शिकवणीत तारण ख्रिस्तातच आहे, ते मी लपवणार नाही, इथे मतभेद आहे आणि तो राहणार. पण विश्वास ही अट आहे का म्हणाल तर लूथरची बाजू अशी की विश्वास म्हणजे नुसता पसरलेला रिकामा हात, हात पसरला म्हणून कुणी दान कमावलं असं होत नाही. पुलावर थांबलेल्यांचा निवाडा करायला मला नेमलेलं नाही. टिळकांनी मात्र 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य घ्यायचे असं ठरवलं होतं, मिशनरींपैकी काहींना ते झेपलं नाही. आमच्या मंडळीतही आज कुणी तसं सुचवलं तर पंच कमिटीची तीन तास मीटिंग होईल हे नक्की.

शेवगावकर, साक्षीला उभे राहा आणि खरं तेच सांगा. मला तारीख आठवत नाही, ज्याच्यावर माझा विश्वास आहे तो मात्र आठवणीच्या आधीपासून आहे. एवढं बोलून बसा. त्यावर कुणी तोंड वाकडं केलं तर समजून घ्या की पंगत कुणाची आहे. बाप्तिस्म्याबद्दल, प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय वाचा, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी. मध्यरात्री भूकंप झालेला, दारं उघडी पडलेली, तो विचारतो तारण व्हायला काय करू, आणि पौल-सीला म्हणतात प्रभू येशूवर विश्वास ठेव. एवढंच. मग तो काय करतो तर आधी त्यांच्या पाठीवरच्या फटक्यांच्या जखमा धुतो, आदल्या दिवशी त्यांना छड्यांनी मारून त्याच्याच ताब्यात दिलेलं होतं ना. मग त्याच रात्री घरादारासकट बाप्तिस्मा, मग घरी नेऊन जेवण. सगळं काही तासांत. म्हणजे बाप्तिस्मा फेकून द्यायचा नाही, पण तो पुन्हा घेतल्याशिवाय तारण अधुरं आहे असं जो सांगतो त्याने विश्वासाच्या जोडीला आणखी एक गोष्ट चिकटवली, आणि पौलाने गलतीकरांना सगळं पत्र याच चिकटवण्याविरुद्ध लिहिलंय. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, दबावाखाली घेऊ नका.

तिखट_मिसळ:

जक्कय चांगला आहे, मान्य. अनैतिक म्हटलं ते थोडं मागे घेतो, पूर्ण नाही. चौपट परत करणारा एखादा आजच्या तारखेला भेटला तर सांगा, मी चर्चला येतो बघायला.

बावखल:

मास्तर, सगळं सुंदर लिहिलंत, पण एका ठिकाणी मी अडणार. तुम्ही लोक खात्रीवर फार भर देता, माझं तारण झालंय हे मला पक्कं ठाऊक असलंच पाहिजे, आणि माझ्या मते हा तारखेचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. खात्री हवी म्हटलं की पुरावा हवा, पुरावा हवा म्हटलं की तारीख आली. ट्रेंटने याच कारणासाठी म्हटलं होतं की स्वतःच्या तारणाबद्दल चुकणारच नाही अशी खात्री कुणी बाळगू नये. 1999 च्या कागदात याच्यावरही तीन परिच्छेद आहेत, दोन्ही बाजूंनी समजुतीने लिहिलेले, पण घरात, माणसाच्या मनात, फरक उरतोच. आमच्याकडे रोझरीला रोज आम्ही म्हणतो, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर. म्हणजे अजून शेवट झालेला नाही हे धरूनच चालतो. फेलोशिपवाल्यांना ही भीती वाटते, मला त्यात निवांत वाटतं, माझा हिशेब मला ठेवावा लागत नाही.

पेटी_मास्तर:

ताई, इथे लूथर तुमच्याशी भांडला असता आणि मीही भांडेन. खात्री माझ्या आत शोधली तर तुम्ही म्हणता तसंच होतं, तारीख, पुरावा, घोळ. पण ती त्याच्या वचनात शोधायची असते, माझ्या मनाचा भरवसा मलाच नाही. परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि जकातदार यांच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीत परूशाकडे पुरावा होता, आठवड्यात दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, यादीच म्हणून दाखवली त्याने देवासमोर. जकातदाराकडे काही नव्हतं, वर बघायची हिंमत नव्हती, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो. त्याला ते कळलं होतं की नाही हे गोष्टीत लिहिलेलं नाही, हा मुद्दा तुमच्या बाजूने आहे, कबूल.

बावखल:

तेवढं कबूल केलंत हेच पुष्कळ 😄 शेवगावकर, रविवारी काय झालं ते इथे येऊन लिहा. आणि भावाने पैसे दिले तर मिसळभाऊंना चर्चला घेऊन या.